कौलं परतायची कुणी?

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेची कचेरी जुन्या कौलारू घरात आहे. माजघरात काउंटर, पडवीत पिग्मी एजंटांसाठी बाकडी, आणि मागच्या काळोख्या खोलीत, जिथे कधीकाळी भाताच्या कणग्या असायच्या, तिथे सर्व्हर. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी तिथला प्रिंटर बघायला गेलो तेव्हा छपरावर शाकारणी चालू होती. माकडांनी फोडलेली कौलं खाली येत होती, धड कौलं वर जात होती. धूळ बसू नये म्हणून मॅनेजरकाकांनी सर्व्हरवर निळी ताडपत्री घातली होती. सर्व्हर मात्र चालूच. ताडपत्रीखाली हात घातला तर नुकत्या उतरवलेल्या तव्याची धग.

ताडपत्री काढली आणि सहज विचारलं, "काका, यावर शेवटचं अपडेट कधी टाकलं?"

"ते कंपनीवाले बघतात," काका म्हणाले.

छपराबद्दल मात्र त्यांना सगळं ठाऊक होतं. गडी कुठल्या वाडीतला, त्याला शिमग्यातच विसार दिलाय, मृगाच्या आत काम पुरं व्हायला हवं, मागच्या पावसात कुठल्या वाशापाशी ठिबकत होतं. शाकारणीसाठी त्यांना कुठल्या परिपत्रकाची गरज लागत नाही. कौलं दरवर्षी परतायची असतात हे कोकणात जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आणि त्याच छपराखाली, हजारभर ठेवीदारांच्या नोंदी पोटात घेऊन बसलेल्या यंत्राबद्दल मात्र 'कंपनीवाले बघतात'. कुठली कंपनी, कधी बघते, काय बघते, हे संस्थेत कुणालाच माहीत नव्हतं. मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलाने नम्रपणे सांगितलं, "सर, एएमसीमध्ये, म्हणजे देखभालीच्या वार्षिक करारात, आमच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट आहे. सर्व्हरचं तुमचं तुम्ही बघायचं."

सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी निघाली की वर्तमानपत्रं हॅकरचा मुखवटा घातलेलं चित्र छापतात आणि 'सावध राहा' म्हणतात. सावध कुणी राहायचं, हे त्या बातमीत नसतं. माझ्या मते हा प्रश्न तांत्रिक कमी आणि कारभाराचा जास्त आहे.

पण आधी त्रुटी म्हणजे काय ते नीट बघू, कारण 'हॅक झालं' या दोन शब्दांत आपण फार काही गुंडाळून टाकतो. डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरशेल नावाच्या त्रुटीचं प्रकरण घ्या. प्रत्येक सर्व्हर एक वही ठेवतो: कोण आलं, किती वाजता आलं, काय मागितलं, पासवर्ड बरोबर होता की चुकला. जावा भाषेत लिहिलेल्या असंख्य प्रणालींमध्ये ही वही लिहायचं काम लॉगफोरजे नावाचा एक तयार, फुकट मिळणारा घटक करतो. ग्रामपंचायतीतल्या आवक-जावक कारकुनासारखा. त्याने बोलायचं नाही, ठरवायचं नाही, फक्त उतरवून घ्यायचं. २०१३ साली या कारकुनाला सोयीसाठी एक जादा काम लावलं गेलं. मजकुरात डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि त्यात ठरावीक पद्धतीने लिहिलेला पत्ता आला, तर तो मजकूर नुसता उतरवायचा नाही, त्या पत्त्यावर जाऊन तिथे जे असेल ते आणायचं. पत्ता जगातला कुठलाही चालेल. आणलेली वस्तू म्हणजे एखादा प्रोग्राम असेल, तर तो चालवूनही टाकायचा.

म्हणजे बाहेरच्या माणसाला कुलूप फोडायची गरजच उरली नाही. लॉगिनच्या चौकटीत स्वतःच्या नावाऐवजी ती एक ओळ टाकली की काम झालं. पासवर्ड चुकला तरी बिघडत नाही, उलट चुकलेला बरा, कारण चुकलेला प्रयत्न वहीत हमखास नोंदला जातो. माइनक्राफ्ट या खेळात तर गप्पांच्या खिडकीत ती ओळ लिहिली तरी पुरत होती. अलिबाबा या चिनी कंपनीच्या क्लाउड सुरक्षा विभागातल्या चेन झाओजुन यांनी २४ नोव्हेंबरला ही गोष्ट लॉगफोरजे सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनला कळवली. ९ डिसेंबरला ती चव्हाट्यावर आली. आणि क्लाउडफ्लेअर कंपनीने आपल्या नोंदी मागे जाऊन तपासल्या, तेव्हा १ डिसेंबरलाच कुणीतरी हे भोक वापरून बघितल्याच्या खुणा सापडल्या. त्रुटीची तीव्रता मोजायच्या पट्टीवर तिला १० पैकी १० मिळाले.

दुरुस्तीही एका फटक्यात झाली नाही. २.१५ आवृत्ती आली, ती अपुरी ठरली म्हणून २.१६, तीत दुसरी खोट निघाली म्हणून २.१७, आणि वर्ष संपायच्या आत २.१७.१. ज्यांनी पहिल्या दिवशी धावपळ करून काम उरकलं आणि हात झटकले, त्यांचं काम खरं तर चौथ्या खेपेला संपत होतं. शाकारणीवाला एकदा उतरल्यावर पहिल्या सरीनंतर परत वर का चढतो, हे ज्याने बघितलंय त्याला यात नवल वाटणार नाही.

त्या डिसेंबरात मी गुहागर-चिपळूण भागातल्या ओळखीच्या कचेऱ्यांत फिरत होतो. पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरमध्ये हा घटक असेल असं वाटलं होतं. सापडला तो समुद्रकाठच्या एका हॉटेलात, खोल्यांमधलं वायफाय सांभाळणाऱ्या छोट्याशा सॉफ्टवेअरच्या पोटात. मालकांना जावा म्हणजे जुनी मोटारसायकल एवढंच ठाऊक. नाताळचं बुकिंग तोंडावर, सुरमईचे भाव चढलेले, आणि मी त्यांना सांगतोय की तुमच्या वायफायमध्ये एक कारकून आहे. त्यांनी माझी दया येऊन चहा मागवला. या त्रुटीचं खरं दुखणं तेच होतं. ती कुठे आहे हे ज्याच्या घरात होती त्यालाच माहीत नव्हतं. त्याने लॉगफोरजे विकत घेतलं नव्हतं. त्याने घेतलेल्या वस्तूत ते होतं, किंवा त्या वस्तूतल्या वस्तूत. अमेरिकी सरकारने नेमलेल्या समीक्षा मंडळाने जुलै २०२२ मधल्या अहवालात म्हटलं की ही त्रुटी दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ कुठे ना कुठे शिल्लक राहील. तिथल्या एका केंद्रीय खात्याने एवढ्या एका प्रकरणावर ३३,००० तास घालवल्याची नोंदही त्याच अहवालात आहे.

आता माझ्या म्हणण्याचा गाभा. त्रुटी निघते यात कुणाची लाज जात नाही. माणसाने लिहिलेल्या कोडमध्ये चुका असणारच. धोका ज्या दिवशी सगळ्यात वाढतो तो दिवस त्रुटी जन्माला आल्याचा नसतो, दुरुस्ती जाहीर झाल्याचा असतो. एकाच गवंड्याने बांधलेली हजार घरं आहेत असं समजा. त्यातल्या एकावर नवं लालभडक कौल बसलं की रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतं, उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव घरांत नेमक्या कुठल्या जागी कौल कच्चं आहे. दुरुस्तीचा पॅच आपण वाचत नाही, पण चोर ओळ न् ओळ वाचतो. आधीचं काय आणि नंतरचं काय हे शेजारी ठेवून तो भोक शोधतो. म्हणून 'पुढच्या महिन्यात बघू' हे वाक्य त्या दिवसापासून महाग पडू लागतं.

किती महाग, याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीच्या सेवेतली त्रुटी दुरुस्त केली. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामने तीच त्रुटी वापरून जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा तरी सगळे जागे व्हायला हवे होते. २७ जूनला तीच त्रुटी वापरणारा नॉटपेट्या आला. तो युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि थेट उरण तालुक्यातल्या न्हावा-शेव्याला पोचला. तिथल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर तुंबले, गाड्यांसाठी तात्पुरत्या पार्किंगची सोय करावी लागली. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. कंपनीने स्वतःचं नुकसान २० ते ३० कोटी डॉलरांच्या घरात सांगितलं. आणि एक बारकावा विसरू नये: नॉटपेट्या न दुरुस्त केलेल्या एका यंत्रातून आत येई आणि तिथे सापडलेले पासवर्ड वापरून दुरुस्त केलेल्या यंत्रांवरही जाई. नऊ घरांनी कौलं परतली आणि दहाव्याने नाही, तर भिजायचं दहाही घरांनी.

"आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपल्या गावाचा पत्ता शोधत येणारा चोर असतो. तसा कुणी येत नाही. इंटरनेटवर तुमची पतसंस्था म्हणजे एक आकडा. यंत्रं दिवसरात्र सगळे आकडे ठोठावत फिरतात आणि जिथे दार हलतं तिथे आत शिरतात. लॉगफोरशेलच्या पहिल्या काही दिवसांत तर कित्येक ठिकाणी आत शिरलेल्यांनी काही चोरलंच नाही, यंत्राला गुपचूप आभासी चलन कमवायच्या कामाला जुंपलं. मालकाला कळायचं ते एवढंच, की सर्व्हर मंद झालाय आणि पंखा मोठ्याने ओरडतोय.

आणि लहानांना हात लागत नाही हेही खरं नाही. ३१ जुलै २०२४ रोजी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाल्याचं उघड झालं. लागण पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तोडलं, आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी गाडी रुळावर आली. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने नंतर मांडलेल्या विश्लेषणात सुरुवात कुठून झाली म्हणून सांगितलंय? एका भागीदार कंपनीकडच्या जेनकिन्स नावाचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या, नीट न लावलेल्या सर्व्हरपासून, ज्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी आणि तिची दुरुस्ती दोन्ही त्याच वर्षीच्या जानेवारीत जाहीर झाली होती. बँकेचा पुरवठादार, त्याचा भागीदार, आणि त्या भागीदाराच्या कोपऱ्यातला एक सर्व्हर. एटीएमसमोर रांगेत उभ्या असलेल्या मावशींनी यातलं कुणाला जाब विचारायचा?

अपडेट टाकायला लोक कचरतात त्याला कारणं आहेत, हे मी मान्य करतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अपडेटने विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रं बंद पाडली होती. नॉटपेट्या तर त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटच्याच वाटेने बाहेर पडला. माझ्या स्वतःच्या हातून एका दुकानाचा जीएसटीचा प्रोग्राम ऐन मार्चअखेरीला झोपला आहे, आणि त्या दुकानदाराने मला कोणकोणत्या नावांनी हाक मारली ते इथे छापता येणार नाही. तेव्हा डोळे मिटून अपडेट टाका असं मी म्हणत नाही. आधी एका शाखेत टाका, दोन दिवस बघा, मग सगळीकडे. पण हे दोन दिवस कुणीतरी मोजायला हवेत. आज ते मोजणारा माणूस नाही, म्हणून दोन दिवसांची दोन वर्षं होतात.

पॅच ताबडतोब टाकता येत नसेल तर हातावर हात धरून बसायचं असंही नाही. लॉगफोरजेच्या वेळी तो पत्त्यावर धावणारा भागच फाइलमधून काढून टाकायची सोय होती. त्याहून साधी गोष्ट म्हणजे सर्व्हरला बाहेर जाणारी वाट बंद करणं. पतसंस्थेच्या सर्व्हरला जगातल्या कुठल्याही पत्त्यावर जायची गरजच काय? पिग्मीची यंत्रं संध्याकाळी आत येऊन वसुली उतरवतात, तेवढी वाट ठेवा. बाहेरची वाट बंद असती तर कारकून त्या पत्त्यावर निघाला असता आणि दारातच अडला असता. त्याच पतसंस्थेत मी बघितलं तेव्हा पुरवठादाराच्या मुलाला घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून एक दार कायमचं उघडं होतं, आणि त्याचा पासवर्ड म्हणजे संस्थेचं नाव आणि स्थापनेचं साल. ते साल कचेरीच्या पाटीवर लिहिलेलं आहे. आणखी एक, ज्याचा हमखास विसर पडतो: पॅच टाकला की भोक बुजतं, पण आधीच आत आलेला माणूस बाहेर जात नाही. जुन्या नोंदी बघाव्या लागतात, पासवर्ड बदलावे लागतात. कडी आतून लावताना माजघरात कोण बसलंय ते पाहून घ्यावं.

बॅकअपचं तर चिपळूणने शिकवायला हवं होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. पाणी उतरल्यावर रस्त्याच्या कडेला चिखलाने माखलेल्या संगणकांचे ढीग होते, आणि त्यांच्या शेजारीच, त्याच चिखलात, त्यांचे बॅकअप. ज्या कपाटात यंत्र त्याच कपाटात त्याची नक्कल ठेवलेली. ज्यांच्या नकला वरच्या मजल्यावर किंवा पाहुण्यांच्या घरी होत्या ते वाचले. पुढच्या महिन्यांत नवी यंत्रं आली आणि त्यांवर जुन्या सीडीतून जुनीच आवृत्ती चढली, कारण घाई होती आणि तीच हाताशी होती. घर नवं, कौलं फुटकीच. डिसेंबरात लॉगफोरशेल आलं तेव्हा कोरी करकरीत यंत्रं चार वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर चालवत होती. रॅन्समवेअरसुद्धा पुरासारखंच वागतं, जाळ्याला जोडलेली नक्कलही बुडवतं. जोडणी काढून दुसऱ्या छपराखाली ठेवलेली नक्कलच उपयोगी पडते.

एका गोष्टीबद्दल आपण सगळेच कृतघ्न आहोत. लॉगफोरजे सांभाळणारी मंडळी मुख्यतः स्वयंसेवक. आपापल्या नोकऱ्या करून उरलेल्या वेळात हे काम करणारी. त्या डिसेंबरात त्यांनी रात्री जागवल्या आणि जगाने त्यांनाच शिव्या घातल्या. पऱ्ह्यावरचा साकव गावाने श्रमदानातून घातलेला असतो, माणसांनी आणि गुरांनी जाण्यासाठी. त्यावरून कुणी चिऱ्यांचे ट्रक न्यायला लागला आणि साकव मोडला, तर बांबू बांधणाऱ्याला दोष देत नाहीत. इथे ट्रकवाल्यांमध्ये जगातल्या अतिश्रीमंत कंपन्या होत्या.

मग करायचं काय? कायदा आहे, पण तो गळती लागल्यावर जागा होतो. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि नोंदी १८० दिवस जपायच्या. चांगलं आहे. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ आणि २०१९ मध्ये सायबर सुरक्षेच्या चौकटी घालून दिल्या. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत. त्यांचं लेखापरीक्षण दरवर्षी होतं, वर्ग मिळतो, आणि 'सतत ऑडिट वर्ग अ' असं पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं जातं. लेखापरीक्षक रोख मोजतो, तारण बघतो, थकबाकी काढतो. त्याने आणखी एक प्रश्न विचारावा: सर्व्हरवर कोणकोणतं सॉफ्टवेअर आहे आणि त्यातल्या प्रत्येकावर शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला झाली? त्याला संगणकातलं काही कळायची गरज नाही. तारीख वाचता आली की पुरे. ती वर्षभर जुनी असेल तर 'अ' वर्ग मिळू नये. माझी पैज आहे, पाटीवरच्या सोनेरी अक्षरासाठी पुढच्या मार्चच्या आत अर्ध्या जिल्ह्यातले सर्व्हर ताजे होतील.

पुरवठादाराच्या करारात दोन ओळी वाढवाव्यात. तुमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात कोणते घटक आहेत त्यांची यादी द्या. आम्ही बिस्किटाच्या पुड्यावर घटक वाचतो, इथेही वाचू. आणि गंभीर त्रुटी जाहीर झाल्यापासून इतक्या दिवसांत दुरुस्ती, नाहीतर एएमसीची रक्कम कापली जाईल. एकट्या संस्थेने म्हटलं तर पुरवठादार हसेल. तालुक्यातल्या वीस संस्थांनी मिळून म्हटलं तर तो खुर्ची ओढून बसेल. त्याच वीस संस्थांनी मिळून एक जाणता माणूस ठेवला, तर प्रत्येकीला पडणारा खर्च सर्वसाधारण सभेत वाटायच्या स्टीलच्या डब्यांपेक्षा जास्त होईल असं मला वाटत नाही.

डब्यांवरून आठवलं. गेल्या सप्टेंबरात त्याच पतसंस्थेची वार्षिक सभा झाली. मी सभासद आहे. लाभांशावर पाऊण तास, डब्याच्या आकारावर वीस मिनिटं चर्चा झाली. आयत्या वेळच्या विषयांत मी उठलो आणि विचारलं की सर्व्हरच्या सुरक्षा दुरुस्तीची जबाबदारी कुणाची. अध्यक्ष हसून म्हणाले, "भाऊ, लेखी द्या." मी लेखी दिलं, पुरवठादारालाही प्रत पाठवली. महिन्याभरात दोन्हीकडून उत्तरं आली. संस्थेचं म्हणणं, 'सदर बाब सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या कार्यकक्षेत येते.' पुरवठादाराचं म्हणणं, 'सदर बाब करारात समाविष्ट नसल्याने ग्राहक संस्थेने आपल्या स्तरावर कार्यवाही करावी.' दोन्ही पत्रं माझ्या फाइलला एकाखाली एक लावलेली आहेत, आणि दोन्हींवर जावक क्रमांक आहे.